मामांचा गप्प झालेला गुडघा

दुखण्याचं इतकं मनापासून आदरातिथ्य करणारा माणूस अख्ख्या नाशकात दुसरा नसेल. माझ्या बायकोचे हे मामा जुन्या नाशकात राहतात, वय सत्तरीच्या घरात, आणि त्यांच्या अंगातला असा एकही सांधा नाही ज्याची त्यांनी मला ओळख करून दिलेली नाही. कुणाकडे गेलं की लोक मुलाबाळांची खुशाली सांगतात, मामा टाचेची सांगतात. "आज टाच बरी आहे, पण कोपर रुसलंय," असं म्हणून ते चहा मागवतात आणि चहा संपेपर्यंत कोपराचा रुसवा काढतात. घरात निरगुडीचा पाला, शेकायची वीट, नाना वासांची तेलं, अशी जय्यत तयारी. शिवाय स्वतःचं पुरेना म्हणून ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चालीवरून निदान करायचं. एकदा लंगडत चाललेल्या एका गृहस्थांना त्यांनी हाताला धरून बसवलं, नस दबल्याचं सांगितलं आणि कंबर शेकून दिली. त्या भल्या माणसाला नवी चप्पल चावत होती, हे शेक झाल्यावर कळलं. मामांनी मग चपलेलाही तेल लावून दिलं.

मागे त्यांचा खांदा आखडला तेव्हा मी त्यांना गंगापूर रोडवरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. चिरफाड न करता नुसत्या सुईनं सांध्याचं, स्नायूचं, नसेचं दुखणं बरं करण्यात त्यांचा हातखंडा. सुई नेमकी कुठे जातेय ते पाहायला त्यांनी सोनोग्राफीचं यंत्र खांद्याला लावलं, तर मामा लाजले. "या वयात कसली गोड बातमी सांगताय?" बाई हसल्या, सुई घातली आणि हात दिवसातून पुष्कळदा वर नेण्याचा व्यायाम सांगितला. मामा तो भररस्त्यात करू लागले. हात वर गेला की रिक्षा थांबायची. रिक्षावाला वैतागून म्हणाला, "काका, बसायचंय का नाही?" मामा म्हणाले, "नाही हो, खांदा कुठवर जातो ते बघतोय." पण थांबवल्यासारखं झालं म्हणून भिडेपोटी बसले आणि काही काम नसताना द्वारका चौकापर्यंत जाऊन आले.

गुडघ्याची गोष्ट मात्र वेगळी होती, कारण त्या गुडघ्यावर मामांचा मान उभा होता. जुन्या नाशकात रंगपंचमीला रहाडी उघडतात. रहाड म्हणजे गल्लीत जमिनीखाली बांधलेला मोठा हौद, वर्षभर झाकलेला आणि त्या दिवशी रंगानं भरलेला. त्यात उडी घ्यायची, तिला धप्पा म्हणतात. मामांच्या गल्लीत पूजेनंतरचा पहिला धप्पा त्यांच्या घरातल्या थोरल्याचा. थोरल्यानं एकदा उडी सोडली की मान धाकट्याकडे जातो, तो काही परत येत नाही. वडिलांमागे मामांनी तो एकही वर्ष चुकवला नव्हता. आता गुडघा जिनासुद्धा चढू देईना. एका सर्जननी वाटी बदला म्हणून सांगितलं, तर मामा म्हणाले, "गुडघा दुखरा असेल, पण माझा आहे," आणि पुन्हा बाईंकडे गेले.

बाईंनी दुखणं वर कळवणाऱ्या गुडघ्याजवळच्या नसा सुईच्या टोकानं शेकून गप्प केल्या. तासाभरात मामा स्वतःच्या पायांनी बाहेर आले. टाका नाही, जखम नाही, नुसत्या टिकलीएवढ्या पट्ट्या. एवढ्यानं त्यांचा विरसच झाला. भेटायला माणसं येणार, शहाळी आणणार, त्यांना दाखवायचं काय? म्हणून त्यांनी घरी गुडघ्यावर भलंमोठं बँडेज गुंडाळलं. ते गडबडीत चांगल्या गुडघ्याला गुंडाळलं गेलं होतं. मामींनी पाहुण्यांसमोर ते सांगितल्यावर मामा म्हणाले, "याला वाईट वाटू नये म्हणून."

बाईंनी निघताना बजावलं होतं, "मामा, मी दुखणं गप्प केलंय, गुडघा नवा केलेला नाही. चाला, जिने चढा, पण उडी नको." मामांनी मान डोलावली. ती मान होकाराची नव्हती हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. रंगपंचमी जवळ आली तशी मामींची अन्नावरची वासना उडाली.

त्या दिवशी ढोल घुमत होते, गल्ली माणसांनी ठेचून भरली होती. पूजा झाली आणि मामा काठावर जाऊन उभे राहिले. मी मुद्दाम शेजारीच उभा होतो. त्यांनी गुडघा वाकवून पाहिला, पुन्हा वाकवला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "जावईबापू, काहीच दुखत नाही हो." मला वाटलं, आता उडी घेणार. पण त्यांचे डोळे भरून आले होते. "दुखलं असतं तर त्याच्यावर ढकलून मोकळा झालो असतो. आता नाही म्हणायचं तर माझं मलाच म्हणावं लागणार."

त्यांनी मागे उभ्या असलेल्या धाकट्या भावाला पुढे ओढलं आणि त्याच्या कपाळाला गुलाल लावला. तो बिचारा म्हणाला, "दादा, तू असताना मी?" मामा म्हणाले, "मी आहे म्हणूनच. मी गेल्यावर मान घेण्यात काय मजा? उडी मार, मला बघू दे." तरी तो घुटमळला, तेव्हा मामांनी त्याला दोन्ही हातांनी सरळ आत लोटून दिलं. सगळी गल्ली हसली. उसळलेल्या रंगानं मामा नखशिखान्त भिजले आणि सगळ्यांत मोठ्यांदा टाळ्या त्यांनीच वाजवल्या.

संध्याकाळी ओट्यावर बसले तेव्हा कोपर, टाच, कुणाचीच खुशाली त्यांनी सांगितली नाही. मामींनी जवळ येऊन विचारलं, "दुखतंय का?"

"गुडघा नाही," मामा म्हणाले.

मामी त्यांच्या रंगलेल्या पाठीवर हात ठेवून शेजारी बसून राहिल्या.