क्रॉप केलेली बाजू
प्रिंटरमधून निघालेल्या गरम कागदाचा वास आला, की शिराळ्याच्या नागपंचमीची ती दुपार आठवते. तेव्हा मी स्टँडजवळच्या दुकानात टायपिंग करायची. गर्दीत म्हातारे वडील हरवलेली एक बाई धापा टाकत आली. ‘हरवले आहेत’ असं पत्रक तिला हवं होतं, आणि मोबाइलमध्ये फोटो होता तो आईवडिलांचा एकत्र. “आई न्हाई आता. तिला काढा, पर लवकर करा ताई!” मी फोटो वर्डमध्ये घेऊन आईची बाजू क्रॉप केली. पण खाली नाव टाइप केलं, की फोटो उडी मारून दुसऱ्या पानावर जायचा. बाई सारखी दारापर्यंत जाऊन परत यायची आणि माझी बोटं आणखीच चुकायची. कसाबसा फोटो जागेवर बसला, पहिलं पान छापून निघालं, तोच तिचा नवरा सासऱ्यांना हाताला धरून घेऊन आला. लेक रडायलाच लागली. म्हाताऱ्यांनी पान उचलून निरखलं. “आन् ही कुठं हाय गं?” मी घाईघाईनं फोटोची कडा परत ओढली; क्रॉप केलेला भाग पुसला गेला नव्हता, फाइलमध्येच झाकलेला होता. दोघांचा कागद छापून दिला, तेव्हा कुठं ते खुर्चीवर टेकले. आता मी साताऱ्यात एका ऑफिसात आहे. फाइल जड होते म्हणून साहेब ओरडतात, तरी फोटोंचे कापलेले भाग मी पुसत नाही.