पहिले थेंब जमिनीचे

पुण्यातल्या हॉटेलात आम्ही मेक्सिकन बिअर मागवली. ग्लासच्या काठाला मीठ-तिखट, बाटलीच्या तोंडात लिंबाची फोड. नंदुरबारकडच्या रमेशने सवयीने पहिले थेंब जमिनीवर सांडले. त्याच्या गावात मोहाची दारू पिण्याआधी पूर्वजांच्या नावाने असे थेंब देतात.

"फरशी कोण पुसणार, बॉस?" वेटर म्हणाला. रमेश खाली वाकून रुमालाने पुसू लागला.

आमच्या वर्गातली मेक्सिकोची लुसिया समोर बसली होती. तिनेही शांतपणे थेंब सांडले. "माझी आजी डोंगरात मक्याची बिअर करते," ती मोडक्या मराठीत म्हणाली. "आधी जमिनीला. मग शेतात मदतीला आले, त्यांना."

रमेशने मान वर केली. "माझी आई मोहाची काढते." तीन वर्षांच्या मैत्रीत हे त्याने मला सांगितलं नव्हतं.

मी घोट घेतला. हलका, आंबट-खारट. दारू परक्या डोंगरातून आली की परंपरा आणि आपल्या डोंगरातली मात्र लपवायची, हे मला मान्य नाही. मीही थेंब सांडले.

"आता तुम्हीपण?" वेटर म्हणाला.

"फडकं द्या," मी म्हणालो, "पुसतो मी."