चार प्लग आणि दोन जावा

लोणखेड्याच्या कॉलेजात मी सत्तावीस वर्षं फिजिक्स शिकवलं. पेट्रोल इंजिनाची आकृती फळ्यावर डोळे मिटून काढायचे, स्पार्क प्लगला बाण दाखवून "इथे ठिणगी पडते" म्हणायचे आणि पोरं वहीत उतरवून घ्यायची. पण खरा प्लग मी हातात कधी धरला नव्हता.

निवृत्त झाल्यावर सुरतच्या एका डॉक्टरांकडून मी जुनी स्पोर्ट्स कार घेतली. निळी, दोन सीटांची, कापडी छत मागे दुमडणारी. घरात कुणालाच ती पटली नाही. नवरा म्हणाला, "हिच्यात किराणा कुठं ठेवायचा?" मोठ्या जाऊबाईंनी तिच्याभोवती एक चक्कर मारून पाहिलं आणि म्हणाल्या, "हाई गाडी शे का पाळणा?" आत बसायला मात्र ठाम नकार. त्यांच्या मते तिच्यात बसणं म्हणजे रस्त्यावरच बसणं.

दोन महिन्यांत गाडी कुरकुरायला लागली. उभी असली की थरथरायची, दुसऱ्या गिअरमध्ये आचके द्यायची. शहाद्याला एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांचं सगळं आयुष्य ट्रॅक्टर आणि जीप उघडण्यात गेलेलं. त्यांनी बोनेट उघडलं, कान लावला आणि हसले.

"मॅडम, प्लग गए इसके. आप खुद ही बदल लो."

"मी?"

"मेरी बेटी को आपनेच पढाया ना? फिर? इंजन ठंडा रखना. नया प्लग पहले हात से फिराना, बैठ गया तो पाने से आधा फेरा. बस." एवढं बोलून त्यांनी प्लगचा लांब पाना माझ्या हातात ठेवला.

नवीन प्लग कुरियरनं आले. रविवारी घरातले पुरुष म्हसावदला साखरपुड्याला गेले. आम्ही दोघी दुपारी बसनं जाणार होतो. सकाळी सातला मी शेडमध्ये गाडीचं बोनेट उघडून उभी राहिले. इंजिन गार होतं, पण माझ्या तळव्यांना घाम सुटला होता. तेवढ्यात जाऊबाई आल्या.

"काय करी ऱ्हायनी वं?"

मी सांगायला सुरुवात केली. सिलिंडर, दाब, ठिणगी. त्यांनी पदर खोचला.

"फवारणीना पंपमा बी हाऊच ऱ्हास ना?"

खरंच की! फवारणीच्या पंपाचा प्लग त्या दर हंगामात काढायच्या, घासायच्या, परत बसवायच्या. माझी सत्तावीस वर्षं एकीकडे आणि त्यांचा तो पंप एकीकडे.

"तू नुसती बोलस. सर बाजूले."

प्लगवर टोपीसारख्या बसलेल्या चार कॉइल आम्ही वायरी सोडवून उपसल्या. त्यांखाली खोल विहिरीसारखी चार भोकं. आत धूळ पडू नये म्हणून सायकलच्या पंपानं हवा मारली, ती सगळी धूळ माझ्याच तोंडावर आली. जाऊबाईंनी पाना घातला, जोर लावला आणि कट्‌ असा आवाज झाला. मी किंचाळले.

"तुटला!"

"नही वं, ढिला व्हयना."

मग आम्हाला जे हसू फुटलं, ते थांबेचना. पहिला प्लग बाहेर आला, टोकं झिजून गोल झालेला. दुसराही आला. तिसऱ्याला पाना रिकामाच वर आला, प्लग विहिरीतच. चिमटा पुरेना, बोटं पुरेनात. जाऊबाई शेडच्या कोपऱ्यात गेल्या आणि केळीच्या ठिबकची बारीक नळी वीतभर कापून, पुसून घेऊन आल्या. चहाला ठेवलेल्या गरम पाण्यात टोक बुडवून मऊ केलं, प्लगवर दाबलं आणि अलगद वर ओढलं. आला! जणू विहिरीतून बादली काढली.

चौथाही तसाच काढला आणि नवीन प्लगही त्याच नळीनं बसवले. आटे सरळ लागले की प्लग फिरत जायचा. वाकडा लागला की नळीच हातात घसरायची. म्हणजे जबरदस्ती होणंच अशक्य. हे कुठल्या पुस्तकात मी वाचलं नव्हतं. शेवटी प्रत्येकाला मिस्त्रींनी सांगितलेला पान्याचा अर्धा फेरा दिला.

सगळं जोडून किल्ली फिरवली. गाडी आधीपेक्षा जास्त हादरली.

"बंद कर," जाऊबाई म्हणाल्या. वाकल्या, एकेक वायर चाचपत गेल्या. चौथी नुसतीच टेकवलेली होती. ती मीच लावली होती. त्यांनी अंगठ्यानं दाबली, टिक्‌ झालं. परत किल्ली फिरवली. इंजिन असं एका सुरात घुमायला लागलं की दोघी अंगणात अक्षरशः नाचलो. पासष्टीच्या जाऊबाई, हातात पाना.

"बसनं जायचं?" मी विचारलं.

त्या दार उघडून सरळ आत बसल्या.

छत उघडं, साड्या नव्या, नखं काळी. शहाद्याच्या बसस्टँडसमोर फाट्यावरची सगळी गर्दी वळून बघत होती. पुढे कपाशीच्या शेतांमधून गाडी सुटली तेव्हा त्यांचा पदर निशाणासारखा फडफडत होता आणि त्या ओरडत होत्या, "अजून! अजून!"

म्हसावदला मांडवापाशी थांबलो. थोरले दीर हात धुवायला बाहेर आले होते, ते तांब्या धरून तसेच उभे राहिले.

"कोनी करी दुरुस्त?"

"आम्ही दोन्हीसनी," जाऊबाई म्हणाल्या आणि दोन्ही काळे हात त्यांच्यासमोर धरले.

पंगतीत कुणीतरी साबण आणून दिला, पण त्यांनी जेवणापुरता उजवाच हात धुतला. डावा सगळ्या बायकांना दाखवायचा होता.

परतताना आमच्या शेताच्या वाटेला लागलो तशी त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

"आते माले दे. मी चालाडस."

ट्रॅक्टर त्यांना येतो, पण ही गाडी पायाच्या नुसत्या स्पर्शानं उसळते. तीनदा बंद पडली, चौथ्यांदा बेडकासारखी उडाली आणि केळीच्या बागेकडे निघाली. "ब्रेक! ब्रेक!" मी ओरडत होते आणि हसून हसून मला पुढचं दिसत नव्हतं.