डब्यातली पिठीसाखर

मी जरा संशयीच आहे. सेलमध्ये काही स्वस्त दिसलं, की मी आधी एक्स्पायरी डेट बघते. त्यामुळे ऑफिसातल्या अमेरिकन मैत्रिणीने तिच्या मंडळाच्या मेळाव्याला बोलावलं, तेव्हा ही माणसं नक्की करतात काय, हेच मी आधी विचारलं. युरोपातल्या जुन्या काळचे झगे नि चिलखतं घालून टेक्ससच्या उन्हात लुटुपुटूच्या लढाया करतात, असं तिने सांगितलं.

नवऱ्याला हे अजिबात पटलं नाही. न्यूयॉर्कचे जुळे टॉवर नुकतेच पाडले गेले होते, आणि टपालातून विषारी पांढरी पावडर येत असल्याच्या बातम्या टीव्हीवर रोज चालू होत्या. "यार, आत्ता कशाला रिस्क घेतेस?" तो म्हणाला. पण आम्ही इथे टेक्ससमध्ये, प्लेनोला राहायला आल्यापासून ही मैत्रीण रोज माझ्याबरोबर जेवायची. तिची आई गेली तेव्हा ती माझ्याच गळ्यात पडून रडली होती. ती असताना मला कसली भीती?

मंडळाला स्वयंपाकासाठी नवा तंबू घ्यायचा होता. त्यासाठी सायलेंट ऑक्शन ठेवलं होतं आणि ते टेबल माझ्याकडे होतं. प्रत्येक वस्तूपुढे एक कागद. वस्तू हवी त्याने नाव आणि रक्कम लिहायची, पुढच्याने त्याच्यावर चढवायची, आणि शिंग वाजलं की शेवटचं नाव ज्याचं, त्याची ती वस्तू. मीही घरचा एक पितळी डबा दिला होता. रिकामं भांडं कुणाला द्यायचं नसतं, म्हणून निघताना त्यात दिवाळीच्या लाडवांसाठी दळलेली पिठीसाखर घातली होती.

दुपारपासून एक दाढीवाला टेबलाभोवती घिरट्या घालत होता. अंगात ख्रिस्ती साधूचा तपकिरी झगा, खाली पांढरे स्नीकर्स. कागदावर काही लिहायचा नाही, नुसता माझ्याकडे बघायचा. हा काहीतरी लंपास करणार, याची मला खात्रीच पटली होती. मी त्याच्यावर नजर ठेवून होते आणि तो माझ्यावर, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

शेवटी त्याने डब्याचं झाकण उघडलं. आत बघितलं, झाकण हलकेच परत लावलं आणि मागे सरकत लोकांना लांब व्हायला सांगितलं. पावडर हा एकच शब्द सगळीकडे पसरला. बघता बघता टेबलाशी मी एकटी उरले.

मैत्रीण राणीच्या वेषात धावत आली. साधूने तिला विचारलं, "हिला तू ओळखतेस का?"

"आम्ही एकाच ऑफिसात आहोत," ती म्हणाली.

ती आणखी काही बोलेल म्हणून मी थांबले. ती मागे सरकून बाकीच्यांत उभी राहिली. चिलखतातल्या एकाने पोलिसांना बोलवायला फोन काढला. आमच्या ग्रीन कार्डचे कागद अडकलेले, आणि त्यात माझं नाव पोलिसांकडे गेलं तर? ही साखर आहे, आमच्यात भांडं रिकामं देत नाहीत, असं मी परत परत सांगत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी मूठभर साखर तोंडात कोंबली. सगळे मला खाताना बघत राहिले.

मला काही झालं नाही, तेव्हा लोक हसायला लागले. फोन खिशात गेला. साधू लालबुंद होऊन सॉरी म्हणाला, आणि डब्यापुढच्या कागदावर त्याने स्वतःचं नाव लिहिलं. मैत्रीणही हसत जवळ आली. आता ती मिठी मारणार, असं मला वाटलं.

मी डबा तिच्यापुढे धरला. "घे," म्हटलं.

तिने बोट साखरेत बुडवलं. माझ्याकडे बघून गोड हसली. मग शिंग वाजलं तशी ती लोकांकडे वळली, आणि ते बोट तिने पाठीमागे झग्याला पुसून टाकलं.