मोफत तपासणी

चष्म्याचं दुकान चालवणारे भिंगकाका फुकट या शब्दाला फार घाबरत. कारणही तसंच होतं. त्यांच्या स्वतःच्या पाटीवर 'डोळे तपासणी मोफत' असं लिहिलेलं होतं. तपासणी ते मन लावून करत, पण नंबर काही केल्या लिहून देत नसत. "माझ्या लक्षात आहे हो," म्हणत फ्रेमा पुढे सरकवत.

समोर नवं दुकान निघालं आणि इंटरनेटवर पाहून गिऱ्हाइकं तिकडे वळू लागली, तेव्हा लेकीने दुकानात कॉम्प्युटर आणला आणि इंटरनेट बघायचा ब्राउझर उघडून दाखवला.

"या ब्राउझरचे किती घेतात?"

"काही नाही, बाबा. फुकट आहे."

"मग काढून टाक. एवढ्या मोठ्या कंपनीला काय दानधर्माचा झटका आलाय?"

"दानधर्म कसला! आपण काय शोधतो ते त्यांना कळतं. तशा जाहिराती दाखवतात, आणि जाहिरातवाले त्यांना पैसे देतात."

काका विचारात पडले. "म्हणजे तपासणी फुकट, पण नंबर त्यांच्याकडेच."

"अगदी तुमच्यासारखं."

काकांचा जीव भांड्यात पडला. धंदा कळणारी माणसं दिसतात, म्हणाले आणि मोफत तपासणीची पाटी इंटरनेटवर टाकायला परवानगी दिली.

ती पाहून पहिलं गिऱ्हाईक आलं. डोळे तपासून होताच म्हणालं, "आधी नंबर लिहून द्या. फुकट म्हटल्यावर मला जरा शंकाच येते."

काकांनी त्याच्याकडे आदराने पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा नंबर लिहून दिला. तो घेऊन गिऱ्हाईक थेट समोरच्या दुकानात शिरलं.