शिराजची तहान

शिराज ही काळी द्राक्षं मूळची फ्रान्समधली, एका नदीकाठच्या खडकाळ उतारावरची. नावावरून ती इराणातून आली असं लोक सांगत, पण वंश तपासला तेव्हा ते खरं निघालं नाही. साल जाड, मणी लहान, आत बिया, म्हणून खाण्यापेक्षा वाइनलाच बरी. वेल ऊन सोसते, पण पाण्याचे लाड केले की रस पातळ होतो. नाशिककडच्या वाइनरीत नोकरी करताना हे मला पाठ झालं होतं. त्याच जोरावर घाटंजीजवळच्या आमच्या सामायिक शेतात, मुरमाड तुकड्यावर मी तिची कलमं लावली.

काका म्हणाले, "एक पीक पाहू. माल गेला तं ठीक, नाही तं पुन्हा कपाशी."

वेली बाबांच्या हवाली करून मी नोकरीवर परतले. दोन वर्षांनी पहिले घड धरले. मणी रंगू लागले तेव्हा फोनवर बजावलं, आता पाणी अगदी तोडायचं. ते "हो" म्हणाले.

तोडणीच्या सुमारास मी रजा घेऊन घरी आले आणि खरेदीदारही आला. मणी चांगले टपोरे झाले होते, म्हणजे पाणी तुटलंच नव्हतं, हे मी पाहताच ओळखलं. त्याने साखर मोजायच्या यंत्रात रस टाकून दोनदा पाहिलं. "गोडी बसली नाही," म्हणाला आणि निघून गेला.

मी सगळ्यांदेखत बाबांवर घसरले. "तुमाले एक व्हॉल्व बंद ठेवता येत नाही? अडाणी ते अडाणीच."

बाबा चिडले नाहीत. "पानं माना टाकू लागली बाई," म्हणाले. "कपाशीनं अशी मान टाकली का मी आभाळाकडे पाहत बसायचो. आता बोअरले पाणी हाये. राहवलं नाही मले."

पाणी कधी तोडायचं ते मी त्यांना सांगितलं होतं. का तोडायचं, ते सांगितलंच नव्हतं. बापाला काय कळणार, ही माझी घमेंड. तिची मला आजही लाज वाटते.

काकांनी वेली उपटायचा दिवस ठरवला. आदल्या दिवशी बाबांनी सकाळपासून ठिबक सोडलं. मुळं सैल पडावी म्हणून, असं काकांना सांगितलं आणि ओळीओळीने वाकून प्रत्येक वेलीला पाणी पोहोचतंय का ते पाहत फिरले. मी बांधावर बसून होते. मी त्यांना थांबवलं नाही आणि त्यांची माफीही मागितली नाही. आता बाबा नाहीत.