काविळीची माळ

डायलिसिस चालू असताना कुठून तरी मला हेपेटायटिस सी झाला. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. तीन महिने गोळ्या घ्या. विषाणू गेला की किडनी बसवू." किडनी देणार होती माझी मोठी बहीण, वैशाखरे गावात दिलेली. तिच्या तपासण्या जुळल्या होत्या. मी फक्त रोज गोळी गिळायची होती.

पण आमच्या शेणव्यात हेपेटायटिस म्हणजे कावीळ, आणि काविळीवर अख्खं गाव डॉक्टर. माझे डोळे पिवळे नव्हते, तरी लोक उसाचा रस घेऊन हजर. मला पाणीसुद्धा मोजून प्यायचं, आणि यांचं आपलं, "पी रे, थंड असतो."

सगळ्यांत शहाणा माझा थोरला भाऊ. तालुक्याच्या कचेरीत नोकरी, इस्त्रीचा शर्ट, डोक्यात भुसा. किडनीचा विषय निघाला तेव्हा याला एकाएकी शुगर झाली होती. हाच मला मुरबाडकडच्या एका औषधवाल्याकडे घेऊन गेला. त्याने हिरव्या काड्यांची माळ माझ्या डोक्यावर ठेवली. काड्या वाळतात, माळ सैल होऊन गळ्यात घसरते आणि लोक म्हणतात, कावीळ उतरली. "इंग्रजी गोळ्या बंद करा, दोन औषधं भांडतात," त्याने बजावलं.

आणि शाळेत विज्ञान शिकवणारा मी, ती माळ घालून ओसरीवर बसलो. गोळ्या बंद. त्या सगळ्यांपेक्षा मोठा गाढव मीच.

माळ उतरली. रक्ताच्या रिपोर्टात विषाणू जिथल्या तिथे. ऑपरेशन पुढे ढकललं, गोळ्या बदलून पहिल्यापासून सुरू. बहीण घरदार सोडून आमच्याकडे येऊन राहिली. "आता गोळी माझ्या हातनं. नाय गिळलीस तर नाक दाबीन."

विषाणू गेला. भाऊ गावभर सांगत सुटला, माळेनंच गुण आला. त्याच्याशी वाद घालण्याइतकीही त्याची लायकी नव्हती.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी बहिणीला चाकाच्या खुर्चीतून माझ्या खोलीच्या दारापर्यंत आणलं. तिने पहिलं विचारलं, "लघवी झाली का रे?"

चार वर्षांत मला थेंब झाला नव्हता. आता खाटेला लावलेली पिशवी भरली होती. हिला मी किती महिने ताटकळत ठेवलं, या विचाराने माझी मलाच किळस आली. मी नुसती मान हलवली.

"झाली ना? मग रडतोस कशाला?" म्हणाली, आणि डोळे पुसायला पदर शोधू लागली. अंगात दवाखान्याचा झगा होता, पदर कुठला.